डेढ सौ की ढाई सौ? जुळे सोलापूरच्या साइटवरच्या नोंदी

९ डिसेंबर २०२४

आज खोदाई सुरू. प्लॉट जुळे सोलापुरात, तळमजला आणि वर दोन मजले, एकूण २२ कॉलम. आठला नारळ फुटला, साडेआठला जेसीबी लागला. वर सगळी काळी माती. पाच फुटांवर रंग बदलायला लागला, सहा-सव्वासहा फुटांवर कडक मुरूम. दक्षिणेकडच्या तीन खड्ड्यांत मात्र साडेसात फूट गेलो तेव्हा कुठे मुरूम दिसला.

मालक म्हणाले, "मेजर, तीन खड्ड्यांसाठी एवढं खाली कशाला? बाकीच्यांच्या लेव्हललाच थांबू की." त्यांना शेजारच्या जुन्या कंपाउंडची भिंत दाखवली. पावसाळ्यात काळी माती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. ती भिंत मधोमध तडकून दोन्ही बाजूंना कलली आहे. मालकांनी भिंतीकडे बघितलं आणि होकार दिला.

इथे सगळे मला मेजर म्हणतात. आपल्याकडे फौजेतून आलेला माणूस मेजरच असतो. मी सिग्नल कोअरमधून २०२१ साली हवालदार म्हणून घरी आलो. २४ वर्षं रेडिओ सेटवर काढली, आता साइटवर फोरमन आहे. नोंदवही ही तिथली सवय. सेटशेजारी लॉग असायचाच. वेळ, कुणाकडून, कुणाला, काय. मध्यरात्री ड्युटी बदलली तरी येणाऱ्याला वही उघडल्यावर सगळं समजलं पाहिजे. साइटवर आलो तर इथे सगळं तोंडी. कुणी सांगितलं, कुणी ऐकलं, पत्ता नाही. तेव्हापासून प्रत्येक कामाला एक दोनशे पानी वही.

१६ डिसेंबर

पीसीसी (पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर) झाली, फुटिंगच्या, म्हणजे कॉलमच्या पायाच्या, सळयांच्या जाळ्या बसल्या. जाळीखाली ५० मिमीचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळईखाली काँक्रीटला जागा ठेवणारे ठोकळे. दोन ठिकाणी पोरांनी खडी लावली होती, ती काढून ब्लॉक ठेवायला लावले. काँक्रीट उद्यापासून.

२० डिसेंबर

आजची नोंद माझ्या चुकीची आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांचं अंतर ड्रॉइंगमध्ये जोडाजवळ १०० मिमी आणि मधल्या भागात १५० मिमी. सकाळी मुकादमाला ते सांगितलं तेव्हा शेजारी मिक्सर चालू होता. मुकादम कलबुर्गीकडचा, बारबेंडर (सळई वाकवणारा-बांधणारा) बिहारचा, म्हणून आमची बोली साइटवरची हिंदी. मी म्हणालो, "बीच में डेढ सौ." त्याने मान हलवली आणि मी पुढच्या कामाला गेलो.

संध्याकाळी टेप लावला तर मधलं अंतर २५० मिमी. एक नाही, सहा कॉलम तसेच. बारबेंडरला विचारलं. पोरगा बावीस-तेवीसचा, सरळ डोळ्यात बघून म्हणाला, "मुकादम बोले, ढाई सौ. बोले मेजर साब का ऑर्डर है." मुकादमानेही नाकारलं नाही. त्याला ढाई सौच ऐकू आलं होतं.

डेढ सौ, ढाई सौ. मिक्सरच्या आवाजात हे दोन शब्द म्हणून बघावेत. सुरुवातीचं अक्षर बुडतं, मागे उरतो तो 'सौ', आणि तो दोन्हीकडे सारखाच. २४ वर्षं ज्या गोष्टीची मला शिकवण होती, तीच मी केली नाही. सांगितलं, पण समोरच्याकडून परत वदवून घेतलं नाही. मान हलवली म्हणजे ऐकलं असं धरून चाललो.

सहाही कॉलमच्या बाइंडिंग वायर कापल्या, रिंगा सरकवल्या, कमी पडलेल्या नव्या वाकवल्या आणि परत बांधल्या. हॅलोजन लावून साडेआठपर्यंत काम चाललं. जादा तासांचे पैसे माझ्या नावावर टाका असं मालकांना सांगितलं. मुकादमाला आणि पोराला सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी. हे फुटिंगच्या वरचे कॉलम आहेत. शटर (काँक्रीटचा साचा) बंद होऊन काँक्रीट पडलं असतं तर कुणाला कधीच कळलं नसतं.

२१ डिसेंबर

आजपासून साइटवर आकडे सुटे बोलायचे. दीडशे नाही, डेढ सौ नाही. एक-पाँच-झिरो. रेडिओवर असंच चालतं. आवाज फाटला, मधे खरखर आली, तरी तीन सुटे आकडे पोचतात. एखादा बुडाला तर बुडाला हे तरी कळतं.

ऐकणाऱ्याने तेच परत म्हणायचं. म्हटल्याशिवाय सांगणाऱ्याने जागा सोडायची नाही. नंतर तो आकडा खडूने त्याच कॉलमच्या शटरवर लिहायचा.

सकाळी सगळ्यांना गोल उभं करून सराव घेतला. कलबुर्गीचे म्हणाले, "ओंदु-ऐदु-सोन्ने." गवंड्यांतले तेलुगू बोलणारे म्हणाले, "ओकटि-ऐदु-सुन्ना." दोघांचा पाच एकच, ऐदु, आणि शून्यही जवळजवळ तोच. साखर पेठेतले गवंडीमामा खूश झाले. सोलापुरात तीन भाषा येत नसतील तर माणूस भाजीही नीट आणू शकत नाही असं त्यांचं म्हणणं. कामाचे आकडे मात्र हिंदीतच ठेवले, एकच पद्धत असलेली बरी.

आणखी एक. ऐकू आलं नाही तर "परत सांगा" म्हणायचं, "रिपीट" नाही. मामांनी कारण विचारलं. तोफखान्याच्या रेडिओ नेटवर 'रिपीट' म्हणजे त्याच ठिकाणी पुन्हा गोळे टाका. म्हणून आम्हाला तो शब्द तोंडातूनच काढून टाकायला लावला होता. इथे तोफा नाहीत, पण माझ्या तोंडाला तो शब्द येत नाही.

२८ डिसेंबर

दुपारी भाकरी खाताना बारबेंडर पोराने विचारलं की रिंगांसाठी एवढं का. गिलाव्याखाली कोण बघतंय?

त्याला किल्लारीचा भूकंप सांगितला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. मी शाळेत होतो. आमच्या घराच्या खिडक्या वाजल्या, भांडी पडली, आम्ही रस्त्यावर आलो. माझं आजोळ उमरगा तालुक्यातलं. तिसऱ्या दिवशी वडिलांबरोबर तिकडे गेलो. अडीच-अडीच फुटांच्या दगडी भिंती, वर माळवदाची, म्हणजे सपाट छताची, माती. भिंत जाड होती, पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे चिखल आणि चिपा. दोन्ही थरांना सांधणारा लांब दगडच नाही. हलल्याबरोबर भिंत मधून उकलली आणि माळवद खाली आलं. शेजारी लाकडी खांबांवरचं एक जुनं घर होतं. त्याच्या भिंती पडल्या, पण खांब-तुळया उभ्या होत्या आणि त्या घरातली माणसं बाहेर आली.

उभ्या सळया म्हणजे भिंतीतले दगड, असं पोराला सांगितलं. रिंग म्हणजे सांधणारा लांब दगड. खालून धक्का आला की सळया बाहेर फाकायला बघतात, आणि त्यांना धरून ठेवते ती रिंग.

त्याच दिवशी तिथे मी पहिल्यांदा रेडिओ सेट बघितला. मदतीला आलेल्या लष्कराचा एक जवान ढिगाऱ्याच्या कडेला उकिडवा बसून हँडसेटमध्ये बोलत होता. आजूबाजूला रडारड, धूळ, आणि हा अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून. थोड्या वेळाने जिथे माणसं हवी होती तिथे माणसं आली. चार वर्षांनी मी भरतीला गेलो.

पोराने भाकरी संपवली, हात धुतले आणि सकाळी बांधलेल्या कॉलमला स्वतःहून टेप लावला.

१३ जानेवारी २०२५

सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची यात्रा. आज संमती कट्ट्यावर अक्षता, काल नंदीध्वज ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला गेले. निम्मे मजूर नाहीत आणि त्यांना अडवायचंही नाही. प्लिंथ बीमला (जोत्याच्या तुळईला) पाणी मारून घेतलं. प्लिंथच्या आत निघालेली काळी माती परत टाकायची नाही हे ट्रॅक्टरवाल्याला दोनदा बजावलं. मुरूमच यायला हवा, आणि तो सहा-सहा इंचांच्या थरात, पाणी मारून, धुमसून.

३ फेब्रुवारी

मालकांनी चार वॉकीटॉकी घेऊन दिले. एका दुकानात स्वस्तातले लांब पल्ल्याचे सेट दाखवत होते, ते मी घेऊ दिले नाहीत. त्यांना परवाना लागतो, आणि ते कुणाच्या नेटवर जाऊन बसतील याचा नेम नाही. आपल्याला हवेत ते ४४६ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यातले, अर्ध्या वॉटचे. दोन मजल्यांच्या साइटला तेवढं भरपूर.

नावं जागेवरून ठेवली: वर, खाली, पंप, गेट.

सगळ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा करून दाखवली. बटण दाबलं की लगेच बोलायचं नाही. मनात एक मोजायचा आणि मग बोलायचं. नाहीतर पहिला शब्द कापला जातो. गेटवरच्या पोराने "गाडी आली" म्हटलं, वर नुसतं "आली" पोचलं. काय आली? कधी सिमेंट, कधी मालक.

लिफ्टच्या खड्ड्यात आवाज जात नाही. या लाटेची लांबी साधारण ६७ सेंटिमीटर. सळयांच्या जाळीची भोकं त्याहून कितीतरी लहान, म्हणून चहूबाजूंनी सळई असली की लाट आत शिरत नाही. खड्ड्याच्या तोंडाशी येऊन बोलायचं ठरलं.

१५ फेब्रुवारी

कोअरचा स्थापनादिन. १५ फेब्रुवारी १९११. सकाळपासून जुन्या युनिटच्या मंडळींचे फोन, प्रत्येकाच्या तोंडी 'तीव्र चौकस'. ब्रीदवाक्य आहे आमचं.

फोन ठेवल्यावर बराच वेळ जबलपूर आठवत होतं. १९९७ ला तिथे ट्रेनिंगला गेलो तेव्हा मराठीशिवाय धड काही येत नव्हतं. रात्री झोपेतही कानात मोर्सची डिट-डा चालायची. पुढे डोंगरात पोस्टिंग आली. थंडीत बॅटरी मरते, म्हणून ती कोटाच्या आत पोटाशी धरून झोपायचो. इथे उलटं, दुपारी सेट उन्हात राहिला तर बॅटरी फुगते. चारही सेट आता माठाशेजारच्या फळीवर असतात.

लोकांना वाटतं रेडिओवाल्याला बांधकामातलं काय कळणार. पण केबलसाठी मैलभर चर आम्हीच खणले. मास्ट उभा करताना त्याच्या ताणदोऱ्या कुठल्या कोनात, खुंट किती खोल, माती कसली, हे सगळं बघावं लागतं. अर्थिंगचा खड्डा, कोळसा-मीठ, ओल टिकवणं, हेही केलं. या इमारतीचा अर्थिंगचा खड्डा मी मुद्दाम काळ्या मातीत घेतला आहे. पायाला ती वैरी, पण ओल धरून ठेवते म्हणून अर्थिंगला चांगली.

तरी २०२१ ला घरी आल्यावर सहा महिने मला कुणी विचारलं नाही. जे विचारायचे ते वॉचमनच्या नोकरीचं. त्या कामात कमीपणा नाही, पण माझे हात रिकामे राहिले असते. एका साइटवर स्टोअरकीपर म्हणून लागलो. सिमेंटच्या गोण्या आणि सळईचं वजन मोजायचो. दुपारी मोकळा वेळ मिळाला की गवंडीमामांजवळ जाऊन बसायचो. ओळंबा कसा धरायचा, दोरीला तीन-चार-पाचच्या गाठी मारून गुण्या कसा काढायचा, विटेवर थापी वाजवून ती भाजली आहे की कच्ची हे कसं ओळखायचं, सगळं त्यांनी शिकवलं. वयाने वीस वर्षांनी मोठे, मला 'मेजर' म्हणत, आणि ओळ चुकली की भिंत पाडायला लावत. आज ते माझ्या साइटवर आहेत. हजेरी मी घेतो, पण कामाचं त्यांना विचारूनच करतो.

२४ फेब्रुवारी

पहिल्या स्लॅबचं सेंट्रिंग (साचा आणि टेकू) निम्मं. प्लंबरने जिन्याजवळून ड्रेनेजसाठी चर खणून पाइप टाकला, संध्याकाळी माती ओढली. बीमच्या प्लेटा उद्या. कव्हर ब्लॉक मागवले.

१ मार्च

पहिला स्लॅब.

पहाटे साडेपाचला आरएमसीची, म्हणजे प्लँटमधून येणाऱ्या तयार काँक्रीटची, पहिली गाडी. दुपारचं ऊन लागायच्या आत आटपायचं ठरलं होतं. ६ घनमीटरच्या नऊ गाड्या. प्रत्येक गाडीच्या चलनावर प्लँटमधून माल भरल्याची वेळ असते, ती 'गेट' वाचून दाखवतो आणि मी वहीत लिहितो. त्या वेळेपासून दोन तासांत गाडी रिकामी झाली पाहिजे. तिसऱ्या गाडीचा ड्रायव्हर माल घट्ट वाटतो म्हणून पाण्याचा पाइप घालत होता. गेटने कळवलं, तिथेच थांबवलं.

खाली एक माणूस कायम ठेवायचा, हा माझा आग्रह. स्लॅब चालू असताना सगळे वर असतात. काँक्रीट वर, ते हलवून बसवणारी निडल वर, मालकही वर. खाली टेकूंच्या जंगलात कुणी नसतं, आणि गडबड होते ती तिथेच. आज खाली तो बारबेंडर पोरगा, सेट आणि टॉर्च घेऊन.

७ वाजून ४० मिनिटांनी सेटवर आलं, "थांबा थांबा थांबा. खाली."

तीनदा म्हणायचं आम्ही ठरवलं होतं. पहिला कापला गेला तरी दोन उरतात. आणि हा शब्द आला की बाकी कुणी बटण दाबायचं नाही. पंपवाल्याने लिव्हर खाली घेतला. निडल बंद. एवढ्या गोंगाटात वर एकदम शांतता झाली, नुसता ट्रान्झिट मिक्सरचा ड्रम फिरत होता.

मी खाली उतरलो. जिन्याजवळच्या बीमखालचा टेकू एका बाजूला झुकला होता. त्याच्या बुडाखालची फळी जमिनीत दीड-दोन इंच बसली होती. फळीच्या कडेने ओली माती वर आली होती, काळी. प्लेटांच्या फटीतून सिमेंटचं पाणी ठिबकत होतं. पोरगा टॉर्च त्या जागी धरून उभा होता. त्याचा हात हलत नव्हता.

ते प्लंबरच्या चराचं ठिकाण. २४ तारखेची नोंद काढून बघितली, 'संध्याकाळी माती ओढली'. मी स्वतः लिहिलं होतं. धुमसली का, हे विचारलं नव्हतं.

आधी शेजारी दोन जादा टेकू, घट्ट मुरमावर, खाली आडव्या बल्ल्या टाकून. मग जॅक लावून बीम हळूहळू वर घेतला, मामा वरून लेव्हल सांगत होते, एकेक आकडा सुटा. शेवटी झुकलेला टेकू काढून चरात दगड धुमसले आणि तो परत बसवला. ७:५८ ला मी म्हणालो, "पंप, चालू करा." पंपाने परत म्हटलं, "चालू करतो." अठरा मिनिटं. माल अजून नरम होता, निडल आरपार गेली, जोड राहिला नाही.

साडेअकराला शेवटची गाडी रिकामी. चाचणीसाठी काँक्रीटचे नऊ क्यूब भरले. मालकांनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि ताकाचा हंडा आणला होता. पोराला मी काही बोललो नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याने सेट माझ्या हातात दिला. बटणाजवळची जागा घामाने ओली होती.

८ मार्च

तीन क्यूब सात दिवसांवर फोडले, ताकदीची सरासरी १८.४ न्यूटन प्रति चौरस मिमी. एम २५ ला, म्हणजे २८ दिवसांवर २५ ची ताकद हवी असलेल्या काँक्रीटला, ठीक.

१५ मार्च

१४ दिवस पुरे, बीमचे टेकू आज काढले. स्लॅबच्या प्लेटा आधीच निघाल्या होत्या, टेकू ठेवून. जिन्याजवळच्या बीमखाली दोरी ताणली, पोटात फरक नाही.

पाण्याची ओढाताण मोठी. आमच्या भागात नळ चार-पाच दिवसांनी येतो. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी धरलं, कॉलमला पोती गुंडाळली. टँकर सांगताना 'गेट' वेळ लिहून घेतो. टँकरवाले फोनवर 'आलोच' म्हणतात, त्याची नोंद होत नाही.

२९ मार्च

२८ दिवसांचे क्यूब ३१ च्या आसपास. उरलेले तीन प्लिंथवर ठेवले, पोरं त्यावर बसतात.

२ एप्रिल

ऊन ४१ च्या वर. काम सकाळी सहा ते अकरा आणि चार ते सात.

रात्री बार्शी तालुक्यातल्या एका मुलाचा फोन. सिग्नलमध्येच आहे, ऑगस्टमध्ये निवृत्त होतोय. म्हणाला, "सर, वॉचमनची एक नोकरी आहे, दुसरं काही सुचत नाही." त्याला तासभर सांगितलं. शेवटच्या वर्षात पुनर्वसनाचे कोर्स मिळतात, ते सोडू नकोस, काहीही करून कर. डिस्चार्ज बुकाच्या चार प्रती काढ. आल्या आल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदव. आणि बांधकामात यायचं असेल तर एकदम सुपरवायझर म्हणून येऊ नकोस. सहा महिने स्टोअरला बस, गवंड्याजवळ बस. इथे रँक चालत नाही. गवंड्याला 'मामा' म्हणायला शीक, तो शिकवेल.

त्याने विचारलं, "रेडिओचं काही कामाला येतं का सर?"

वहीतली २० डिसेंबरची नोंद वाचून दाखवली, आणि १ मार्चची.

सुट्टीवर येतोय, शुक्रवारी साइट बघायला बोलावलंय.

११ एप्रिल

उद्या दुसरा स्लॅब. या वेळी टेकूंखालचा प्रत्येक चर शोधून पहारीने ठोकून बघितला. खाली पहिल्या स्लॅबवर आधार आहे, तरी बघितलाच. बार्शीचा मुलगा दिवसभर बरोबर होता. संध्याकाळी बीमच्या रिंगा तपासताना तो टेप धरत होता, बारबेंडर आकडा म्हणत होता आणि हा परत म्हणत होता. एक-पाँच-झिरो. एक-पाँच-झिरो. त्याला उद्या 'गेट'वर ठेवतो.

सेट चारही चार्जिंगला. बॅटऱ्या माठाजवळ. पहिली गाडी साडेपाचला.